लाल फेट्याची मोटार

बायकोला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी मध्य प्रदेशातल्या बालाघाटचा मोटारस्टँडच आठवतो.

साठच्या दशकात आम्ही दोघं आणि आणखी दोन शिक्षिका मिळून तांदळाच्या मिलमधल्या बायकांचा साक्षरता वर्ग चालवत होतो. वर्गाची प्रमुख ती. एकदा खात्याचे साहेब आले. "बहनजी, हाजिरी तो ठीक है. नतीजा दिखाइए, नहीं तो कक्षा बंद," असं म्हणून पुढच्या महिन्यातला एक बाजाराचा दिवस ठरवून गेले.

मी वर्गाचं उद्दिष्ट लिहून काढलं : स्त्रियांमध्ये ज्ञानाची गोडी निर्माण करणे. ती वाचून हसली.

"गोडी लागली हे कोणाले दिसन? अन् कवा?"

तिचं उद्दिष्ट साधं होतं. प्रत्येक बाईनं, कोणाला न विचारता, मोटारीवरची पाटी वाचून लामता गावाला जाणाऱ्या मोटारीत बसायचं.

पहिल्याच तालमीत सगळ्या बायका बरोबर जाऊन बसल्या. मी जिलबी आणायला निघालो, पण तिनं मला थांबवलं. सर्वांत वयस्क बाईला तिनं विचारलं, "मावशी, लामत्याची हे कसं वळखलं?"

"लाल फेटेवाला डायवर दिसला नाही का बाई तुमाले? तो लामत्याले जाते. वाचाले काहून पाह्यजे?"

सारा स्टँड हसला. एक शिक्षिका हळूच म्हणाली, "ताई, साहेबाले हेच दाखवून देऊ. त्याले का समजते?"

"साहेबाले नाही समजन. मावशीले समजन ना."

मग आम्ही तिघांनी बायका वाटून घेतल्या. जी ज्या अक्षरावर अडायची, तिचा दुसऱ्या दिवशीचा धडा त्याच अक्षरापासून सुरू व्हायचा. बायको स्वतः कोणालाच शिकवत नव्हती, फक्त सगळ्यांच्या पाट्या तपासायची. आणि आम्हाला न सांगता मोटारमालकाला भेटून आली होती.

ठरलेल्या बाजाराच्या दिवशी साहेब लिंबाखाली चहा घेत होते. लाल फेटेवाला आज किरनापूरच्या मोटारीवर बसला होता. मावशी सवयीनं तिकडेच गेली, पायरीवर पाय ठेवला. गेला आपला वर्ग, मला वाटलं. बायकोकडे पाहिलं तर ती जागची हलली नव्हती.

मावशी थांबली. मागे सरून तिनं मान वर केली आणि हवेत बोट फिरवलं. "कि... र..." पुढचं वाचण्याआधीच ती ओरडली, "अरे मुडद्या, तू इकडं कसा?"

ड्रायव्हर हसता हसता स्टिअरिंगवर ओणवा झाला. मावशी तरातरा दुसऱ्या मोटारीकडे गेली, "ला-म-ता" असं मोठ्यानं म्हणून चढली. तिच्यामागे एकेक करून साऱ्या आल्या. प्रत्येक जणी पाटीखाली थांबत होती, ओठ हलवत होती, मग चढत होती. एकही चुकली नाही.

साहेबांनी कप खाली ठेवला. "कक्षा चलेगी, बहनजी."

तेवढ्यात मोटार सुटायची वेळ झाली. बायको खिडकीशी धावली. "मावशी, उतरा आता! झालं!"

"काहून उतरू? वाचून बसली, आता जाऊनच येतो!"

लामत्यात त्यांचं कोणीही नव्हतं. तरी सगळ्या गेल्या, गाणी म्हणत. धूळ खाली बसेपर्यंत माझी बायको दोन्ही हात वर करून रस्त्यात उभी होती.