पुसता पुसेना ती रेघ

देवाशी माझं भांडण जुनंच आहे. पण त्या शुक्रवारी सासूबाईंच्या देव्हाऱ्यासमोर उभी राहून मी देवीला जे काही सुनावलं, ते आठवलं की आजही कान धरावेसे वाटतात. मी बोईसरला घरीच बसून जुन्या फिल्म साफ करते आणि माहितीपटांसाठी नकाशे बनवते. तेव्हा आमच्या किनाऱ्याच्या इतिहासावरच्या एका मालिकेचं काम चालू होतं. मुंबईच्या ऑफिसातले लोक असे थोर, की आमच्या तारापूरजवळची दांडी दाखवायची सोडून मला मिठाच्या सत्याग्रहाच्या गुजरातमधल्या दांडीची माहिती पाठवत होते. एकदा नाही, तीनदा! तीनदा मी नकाशा पुसला आणि तीनदा नव्याने काढला. आधीच उल्हास, त्यात ती रेघ.

रेघ होती मालिकेसाठी आलेल्या एका फिल्मवर. दांडीच्या नारळी पौर्णिमेची ती फिल्म सत्तरएक वर्षांपूर्वी कुणा हौशी डॉक्टरांनी काढलेली. रीळ इतकं कुजलं होतं की स्कॅन करून झाल्यावर त्याचे तुकडेच पडले. माझ्या कॉम्प्युटरवर होतं तेवढंच काय ते उरलं. चित्रात होड्या, नटलेल्या बायका, आणि उजव्या कडेला वरून खालपर्यंत एक पांढरी उभी रेघ. जुन्या फिल्मवर असे उभे ओरखडे असतातच. रेघेच्या बुडाशी बुरशीचा काळा डाग. सॉफ्टवेअरने रेघ पुसावी आणि पुढच्या फ्रेममध्ये बाईसाहेब पुन्हा हजर! शेवटी एकेक फ्रेम घेऊन हाताने रेघ पुसली, डागही पुसला. तीन दिवस. मान धरली, डोळे चुरचुरले, घरात दोनदा भात करपला. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यात नवख्यालाही सांगतात. पण डिस्क गच्च भरलेली, संध्याकाळी काम द्यायचं, आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. साफ केलेलं चित्र मी सरळ मूळ स्कॅनवरच चढवायला घेतलं. बटण दाबलं, आणि लाईट गेली.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाईट जायचा वार, हे ठाऊक असूनही मी विसरले. यूपीएसची बॅटरी दोन महिने मेलेली, नवऱ्याचं रोज ‘उद्या बदलू’. मी तरातरा देव्हाऱ्याशी गेले. “तुला रोज दिवा लागतो, आणि मला एक दिवस वीज देता येत नाही?” असं मी मोठ्याने म्हणाले. सासूबाई शांतपणे वाती वळत होत्या. “लाईट देवी नाही घालवत गं, खांबावरचे लोक घालवतात. जा, जरा वारा खाऊन ये.”

नाहीतरी नकाशासाठी होड्या कुठून सुटायच्या ती जागा विचारायची होतीच. स्कूटी काढली आणि दांडी गाठली. किनाऱ्यावर एक म्हातारी मावशी वाळत घातलेला जवळा हाताने परतत होती. सुरुवातीला दिग्दर्शकाला पाठवलेली पुसट, बोटाएवढी क्लिप माझ्या फोनवर होती, ती तिला दाखवली. “मावशी, ही पांढरी रेघ दिसते ना, ती मी काढून टाकलीये. आता छान दिसेल.”

“काढलीस?” ती माझ्याकडे बघतच राहिली. “अगो बाय, ती देवीची काठी हाय! पुनवेला चुना लावून उबी करायचे. वाळूत रोवायची नाय, होड्या परत येईतो माणसानेच धरायची, असा आमचा नेम. माजा बापूस धरायचा ती. दुसऱ्या कोनाला शिवू देत नसत.”

“पण इथे माणूस कुठे आहे, मावशी?”

“काठी एकटी उबी नाय ऱ्हात. तिला मानूस लागतो.”

मग तिने सांगितलं, ती पाळण्यात असतानाच बाप दर्यात गेला, परत आला नाही. घरात फोटो नाही. “आय सांगायची, माजं नाक त्याचं हाय. मी कदी बगितलाच नाय त्याला.” काठीच्या बुडाशी माणूस असायचा, तिथेच तो काळा डाग होता, आणि तो मी पुसला होता. परतीच्या वाटेवर, तासाभरापूर्वी जिला बोलले तिलाच विनवत होते: आई, मूळ चित्र पुसलं गेलेलं नसू दे, एवढं झालं नसू दे.

घरी लाईट आली होती. गेल्या गेल्या फाइल उघडली. सुरुवातीच्या काही फ्रेम गेल्या होत्या, त्या गेल्याच. बाकी सगळं जसंच्या तसं: धूळ, रेघ, डाग. मी तिथेच ढसाढसा रडले. पुढचे दोन दिवस तोच डाग पुसायच्या ऐवजी हळूहळू उजळत बसले. बुरशी होती, खोटं नाही. पण तिच्याखाली दोन्ही हातांनी काठी धरून, उन्हाने डोळे बारीक केलेला एक माणूस उभा होता.

छापलेला फोटो मावशीने आधी लांब धरला, मग अगदी डोळ्यांजवळ आणला. एका हाताने स्वतःचं नाक चाचपलं. म्हणाली, “ह्यो तर माज्या नातवाहून ल्हान हाय गो.” आणि पोराच्या गालावरून फिरवावा तसा तिने बापाच्या गालावरून अंगठा फिरवला.

लाईट कुणी घालवली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. ऑफिसातून निरोप आला, ‘उजवीकडची रेघ राहिली आहे, काढा.’ मी कळवलं, ती राहणार. तीन दिवस ती रेघ मला अडवत होती आणि मी आपलं तेच रेटत होते, शेवटी मला थांबवायला वीजच जावी लागली. आई, तुझे उपकार कसे मानू, मला कळत नाही. स्वभाव काही बदललेला नाही, मी अजूनही चिडते. पण शुक्रवारी लाईट गेली की आता हात मांडीवर ठेवून गप्प बसते. तेवढं मला जमायला लागलंय.