मिरबातची पहिली गोळी

मांजरेकरकाका गेल्याचा फोन त्यांच्या क्लिनिकमधून आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" रिसेप्शनवरची मुलगी बावरली. सकाळी ड्रेसिंगचा ट्रे लावता लावता काका खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत, असं ती रडत सांगत होती आणि मी उलटतपासणी घेत होते... हा प्रश्न खरं तर काकांचा. ओमानच्या राजधानीत, अल घुब्राच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अकरा वर्षं शेजारी राहून त्यांनी मला तेवढं शिकवलं होतं. त्यांचा विश्वास बातम्यांवर नव्हता, डॉक्टरांच्या निदानावर नव्हता आणि आमटीत मी कोकमच घातलंय या माझ्या सांगण्यावरही नव्हता. एक घोट घेऊन म्हणायचे, "ह्येच्यात चिंच आसा, सोलां नाय." आणि खरोखरच चिंच असायची.

सदानंद मांजरेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. नर्सिंग शिकून बाविसाव्या वर्षी ओमानला आले आणि सगळी नोकरी इथेच केली. काकू गावी, मुलगी मेघना शिकून मुंबईला. दरवर्षी जुलै लागला की काका औषधांची पेटी घेऊन बसने दूर दक्षिणेला सलालाला जायचे आणि आठ-दहा दिवसांनी परत यायचे. कुठे, कोणाकडे, ते सांगायचे नाहीत. बिल्डिंगमध्ये कुजबुज होतीच, की काकांचं तिकडे दुसरं घर असणार. काकूंनीही एकदा मला फोनवर अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "तो जुलैत खंय जाता गे?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण त्या दिवसापासून माझ्याही मनात संशय बसला. सगळ्या जगाकडे पुरावा मागणारा हा माणूस स्वतः मात्र काहीतरी लपवतोय, आणि काकूंशी बोलताना त्यात मीही सामील होतेय, असं वाटायला लागलं.

२०१४च्या जुलैत त्यांचा गुडघा इतका सुजला की बसचा प्रवास शक्यच नव्हता. शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी गाडीने नेशील का म्हणून विचारलं. मीही निघाले. खोटं कशाला बोलू, ते दुसरं घर बघायला निघाले. दिवसभर वाळवंट तुडवून डोंगर चढलो, आणि घाटमाथ्यावर एकाएकी धुकं, भुरभुर पाऊस, हिरवागार उतार. आपला खरीप तोच त्यांचा खरीफ. सलालाहून पुढे मिरबातला गेलो. समुद्रकाठचं लहानसं गाव, एक जुना किल्ला. किल्ल्यापाशी काकांनी गाडी थांबवायला सांगितली आणि काठी टेकत उतरले.

तिथे उभं राहून त्यांनी आम्हाला लढाई सांगितली. त्या वेळी या भागात, धोफारच्या डोंगरात, सुलतानाविरुद्ध बंड पेटलं होतं. बाहत्तरच्या जुलैत बंडखोरांनी मिरबात घ्यायचं ठरवलं. गावात सैनिक मूठभर. अंधारात डोंगर उतरायचा, बाहेरच्या टेकडीवरची चौकी आवाज न करता संपवायची आणि उजाडायच्या आत गावात घुसायचं, असा बेत होता. पण उतरेपर्यंत उशीर झाला. चौकीपाशी गोळी सुटली आणि गाव जागं झालं. किल्ल्याजवळच्या एका तोफेने त्यांना अडवून धरलं, मग ढगांखालून विमानं आली. त्यात नेमकी त्याच वेळी सलालात बदलीची ताजी तुकडी येऊन थांबलेली. बंडखोर मागे हटले, आणि नंतर त्यांना पुन्हा तसा जोर कधी आला नाही.

"म्हणजे उशीर आणि योगायोग," शेखर म्हणाला.

"हरलेल्या माणसाला योगायोग पचत नाही रे," काका म्हणाले. "त्याला एक नाव लागतं. ते नाव मी दिलं."

लढाईच्या वेळी काका सलालातल्या एका तात्पुरत्या दवाखान्यात होते, येऊन जेमतेम तीन महिने झालेले. पकडून आणलेल्या जखमी बंडखोरांमध्ये मुसल्लम नावाचा एकोणीस-वीस वर्षांचा डोंगरातला तरुण होता, मांडीत गोळी शिरलेली. तापात तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा इतक्या हळू बडबडत होता, की ओठांशी कान नेल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. काय म्हणतोय, असं फक्त अरबी जाणणाऱ्या दुभाष्याने विचारलं. काकांना डोंगरी बोलीतले चार शब्द कळायला लागले होते आणि आपल्याला कळतं हे दाखवायची हौसही होती. सगळ्या वॉर्डसमोर ते मोडक्या अरबीत म्हणाले, "पहिली गोळी मी झाडली, असं म्हणतोय." शेजारच्या खाटांवर त्याचेच साथीदार होते... पुढे माफी मिळाली, सगळे आपापल्या घरी गेले. मुसल्लमचं ठरलेलं लग्न मोडलं. भावांनी बोलणं टाकलं. डोंगर सोडून तो मिरबातला मासेमारी करत एकटा राहिला. याच्यामुळे आपण हरलो, एवढंच लोकांना ठाऊक.

काही वर्षांनी एका डोंगरी बाईला पट्टी बांधताना काकांना कळलं, की त्या बोलीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आपल्या 'नाही'सारखा. एक इवलासा शब्द, 'लो'. तापाच्या बडबडीत तो आपल्याला ऐकूच आला नसणार. झाडली नाही, असं तो म्हणत असणार. तेव्हापासून दर जुलैत काका मुसल्लमची कधीच धड न भरलेली जखम धुवायला येत होते. तीस वर्षं. आणि खरं एकदाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी, मुसल्लमच्या घरी, सांगितलं. मुसल्लम उंच, वाळलेला म्हातारा होता. भारतीय व्यापाऱ्यांना मासे विकून मोडकं हिंदी शिकला होता. काकांना तो 'मांजर' म्हणायचा आणि काकांना ते आवडायचं. काकांनी पट्टी सोडता सोडता अरबीत बोलायला सुरुवात केली. त्याने पाय मागे घेतला, त्यावर लुंगी ओढली. मग माझ्याकडे बघत तो हिंदीत म्हणाला, "मालूम था. कान पास में इसी का था."

"मग मला येऊ का दिलंस?" काकांनी विचारलं.

त्याने काठी उचलली आणि म्हणाला, "यल्ला, चलो, सब के सामने बोलो."

मशिदीजवळच्या ओट्यावर एकेकाळी बंडात असलेले म्हातारे कॉफी पीत बसले होते. काका त्यांच्यासमोर उभे राहून सगळं बोलले. ऐकून एकाने लगेच विचारलं, "मग झाडली कोणी?" काका म्हणाले, "ठाऊक नाही. कोणीही झाडली असेल. तुम्ही पोचलात तेव्हा उजाडत आलं होतं, हरलात त्यामुळे." दोघेजण उठून निघून गेले. तिसऱ्याने कप भरला आणि तो मुसल्लमच्या हातात दिला. परतताना मी विचारलं, "त्यांना पटलं असेल का, काका?" ते म्हणाले, "एकाक पटला. बस झाला." त्याच संध्याकाळी त्यांनी काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

त्यानंतरही दोन वर्षं जुलैत ते मिरबातला जाऊन आले. आणि आता हे असं...

काकांना वेंगुर्ल्याला नेलं. तीन आठवड्यांनी मेघना खोली आवरायला आली, तेव्हा एका दुपारी दारात मुसल्लम उभा. शेखरने त्याला फोनवर कळवलं होतं, पण इतका लांबचा प्रवास त्याने बसने, त्या पायाने केला होता. काकांच्या खाटेवर तो बसला नाही. खाली भिंतीला टेकून बसला आणि खोलीभर नजर फिरवत राहिला. उघडी कपाटं, अर्धी भरलेली खोकी. मेघना चहा टाकायला आत गेली, तसा हळूच म्हणाला, "सिस्टर, मांजर ने ठीक सुना था. वो 'लो' मैंने बोला ही नहीं."

मला क्षणभर अर्थच लागेना. "मतलब, गोली..."

"धुंध था. सामने कोई खड़ा दिखा. मैंने चलाया."

मी चिडले. ज्या माणसाने तीस वर्षं न केलेल्या चुकीचा भार वाहिला, चारचौघांत उभं राहून माफी मागितली, त्याला हे एकदाही सांगितलं नाही? तसं विचारलं तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मेरे घर में एक ही आदमी आता था, सिस्टर. सच बोलता, तो वो भी नहीं आता."

हे तरी खरं होतं का? की गेलेल्या मित्राच्या माथ्यावरचं ओझं उतरवायला एवढ्या लांब येऊन त्याने ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. काका असते तर त्यांनी डोळे बारीक करून त्याला दहा प्रश्न विचारले असते. मला एकही सुचला नाही.

मेघना चहाचे कप घेऊन बाहेर आली. त्याचे डोळे बघून तिने मला विचारलं, "काय म्हणत होते हे?"

"तुझ्या बाबांना यांची बोली नीट समजायची, म्हणतायत," मी म्हटलं.