गाऱ्हाण्यातली चूकभूल

बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘सीआयएन थ्री’ लिहिलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाशी पेशी बदलल्यात, हा अजून कॅन्सर नाही, पण त्याच्या अलीकडची पायरी आहे, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. मला त्यातला ‘कॅन्सर’ तेवढा ऐकू आला. शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही तेवढाच.

खरं तर मला काही होत नव्हतं. आदल्या वर्षी पूर्णगडला तपासणी शिबिर होतं, म्हणून मोठ्या जाऊबाई आणि मी गेलो. येताना मासळी आणायची, एवढाच बेत. दोघींची एचपीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, आणि दोघींचा टाइपही एकच, सोळा. पुढच्या तपासणीत बाकी काही निघालं नाही. वर्षभरात जाऊबाईंचा आपोआप गेला. माझा मात्र ठाण मांडून बसला.

रिपोर्ट घेऊन घरी आलो आणि सासूबाईंनी चूक शोधायला घेतली. शिमग्यात पालखीची ओटी भरायची राहिली होती, ती त्यांना आठवली. माझा संशय वेगळीकडे होता. आमचे हे मालवाहू बोटीवर, सहा-सहा महिने बाहेर.

सासूबाईंनी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं. देवळाचे मानकरी गावकार नारळ धरून म्हणाले, सुनेच्या हातून काय चूकभूल झाली असंल ती माफ कर. सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” सवयीनं मीही म्हणाले, आणि घरी येऊन खूप रडले.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, एकच विषाणू, मग मलाच का? त्या म्हणाल्या, “टाइप एक असला तरी आत बारीक फरक असतात. याचं ई-सिक्स नावाचं प्रोटीन पेशीच्या पहारेकऱ्याला बाजूला सारतं. विषाणूच्या जीन्समध्ये थोडा बदल झाला की ते प्रोटीन बदलतं, आणि काही विषाणू त्यामुळे जास्त चिवट होत असावेत. तुमचा तसाच आहे का, हे या टेस्टमध्ये कळत नाही. शरीराचाही वाटा असतो. पण हा बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कुणाकडून आला ते शोधत बसू नका.”

सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, “म्हंजे मोठीला गावला तो गरीब, नि हिला गावला तो हेकट.”

डॉक्टरबाई हसल्या. तसं असू शकतं, म्हणाल्या.

मग ‘लीप’ झालं. तारेच्या छोट्या फासानं बदललेला भाग काढतात, जागा बधिर करून. बायांनो, मी घाबरले होते त्याच्या निम्मंही दुखलं नाही. संध्याकाळी घरी येऊन पेज जेवले. तेव्हा लाजू नका, टेस्ट करून घ्या.

सहा महिन्यांनी टेस्ट निगेटिव्ह आली. तपासण्या चालूच ठेवायच्या आहेत, पण त्या दिवशी मी रिक्षात मोठ्यानं गाणं म्हटलं.

नारळ घेऊन पुन्हा देवळात गेलो. यांना बोटीवर व्हिडिओ कॉल लावला होता. गावकारांनी सुरुवात केली, “सुनेच्या हातून काय चूकभूल...”

“ता काढ त्यातून,” सासूबाई म्हणाल्या. “तिचं काय एक चुकलं नाय. तो विषाणूच हेकट होता.”

गावकार जरा गडबडले. मग त्यांनी घसा खाकरून पहिल्यापासून सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, आमच्या सुनेचं काय एक चुकलं नव्हतं...”

सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा.” फोनमधून हेही म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.