फोनवाल्या नलूताई

बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या चाळीत फोन एकच होता, नलूताईंच्या घरी. त्यांचे यजमान कारखान्यात मेंटेनन्सला. मशीन बंद पडलं की अवेळी बोलावणं यायचं, म्हणून कंपनीने तो दिला होता. वापरायची मात्र सगळी चाळ. कोणासाठीही फोन आला की नलूताई निरोप ऐकण्याआधी पलीकडच्याला विचारत, "जिवाचं काय नाय ना?" तिकडून 'नाही' आलं की मगच पुढचं बोलणं. मग पदर खोचून बाहेर पडत आणि त्या माणसाच्या दाराकडे येता येताच खणखणीत आवाजात सांगत, "जिवाचं काय नाय, सावकाश या." त्या काळी फोन आला म्हणजे कोणीतरी गेलं, असाच आमचा समज. ते वाक्य कानावर पडेपर्यंत चाळीतल्या बायकांच्या हातातलं काम थांबलेलं असे.

आणि जिवाचंच असेल तर? कोपऱ्यातल्या खोलीत एक बिहारी वेल्डर राहायचा. त्याची आई गेल्याचा फोन आला, तेव्हा नलूताई मुकाट्याने त्यांच्या घरात शिरल्या. आधी त्याच्या बायकोसमोरचा स्टोव्ह बंद केला, मग तिला जवळ बसवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्हाला हे जमतं कसं?" तर म्हणाल्या, "जमतंय कुटं, भाऊ? पन सांगनाराचेच पाय लटपटले तर ऐकनारानं कुटं बसायचं?" त्या मूळच्या समुद्राकाठच्या एडवणच्या. आमच्यासारख्या बाहेरून नोकरीला आलेल्यांना त्यांचाच आधार वाटायचा.

आमची मुलगी चित्रा एका संस्थेच्या योजनेत वर्षभरासाठी नॉर्वेला शिकायला गेली. मी मुळात काळजीखोर माणूस. पालघरहून घरी यायला तिला उशीर झाला तरी मी बोईसर स्टेशनवर जाऊन उभा राहायचो. सुनंदा, माझी बायको, काळजी बोलून दाखवत नसे. तिचं जेवण कमी व्हायचं, त्यावरून ओळखायचं. चित्राने पत्रात कळवलं की शाळेच्या गायनवृंदात तिला घेतलंय, गाणी देवनागरीत लिहून पाठ करतेय आणि आता सगळे जहाजाने डेन्मार्कला कार्यक्रमाला निघालेत. 'पांढरा शर्ट घालायचाय, पण आतून दोन स्वेटर घालणार आहे,' असंही होतं. परत आल्यावर नलूताईंकडे फोन करीन म्हणाली होती. सुनंदाने ते पत्र शेजारणींना वाचून दाखवलं.

त्याच आठवड्यात सकाळच्या बातम्यांत ऐकलं, उत्तरेकडच्या समुद्रात एक प्रवासी जहाज वादळात सापडलंय, शोध चालू आहे. जहाजाचं नाव सांगितलं, पण चित्राच्या जहाजाचं नाव आम्हाला कुठे ठाऊक होतं? नलूताईंच्या फोनवरून ती राहत होती त्या घरी कॉल बुक केला. तिकडे कोणी उचलत नाही, असं ऑपरेटर पुन्हा पुन्हा सांगत राहिली. नलूताई म्हणाल्या, "होडी उशिरा आली म्हंजी बुडाली असं नसतं, भाऊ. आमी समुद्राकाठचे." मला ते पटलं नाही. सुनंदाने अन्न सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना ती चक्कर येऊन पडली.

तरीही मला कामावर जावं लागलं. पहिली पाळी संपवून घरी आलो तर सुनंदा ताट वाढून जेवत होती. मला पाहून रडत हसली. "फोन आला. नलूताईंनी सांगितलं, जिवाचं काही नाही. चित्रा सुखरूप आहे."

मी चपला न घालताच नलूताईंकडे पळालो. त्या फोनशेजारी जमिनीवर बसल्या होत्या. चूल थंड होती. मला बघून त्यांनी दार लोटून घेतलं.

"कोनाचा फोन आला नाय, भाऊ."

सात्त्विक संताप वगैरे काही नाही, सरळ राग आला. "उद्या भलतंच कळलं तर? सुनंदाला काय तोंड दाखवाल?"

"तर तवा रडू. रडायला उभा जनम पडलाय." त्यांनी डोळे पुसले. "आज वैनींच्या पोटात दोन घास गेले. तेवडंच माज्या हातात होतं."

माझा राग कधी विरला ते कळलं नाही. आजारी असल्याचं कारखान्यात कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांच्याकडेच ठाण मांडलं. सुनंदाला वाटलं, मी पाळीवर गेलोय. आम्ही दोघं त्या काळ्या फोनकडे बघत बसलो. दुपारी तो वाजला. नलूताईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. "तुमी घ्या. माज्यानं विचारवनार नाय."

मी उचलला. खरखर, आणि त्या खरखरीतून चित्रा. ते बातमीतलं जहाज दुसरंच होतं. हिचं जहाज परतीच्या वेळी वादळामुळे डेन्मार्कच्या बंदरातच अडकलं होतं. जाताना सगळा वृंद उलट्यांनी बेजार, तरी कार्यक्रम झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "बाबा, ऐकू येतंय ना?" नलूताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी नुसती मान हलवली, तशा त्या भिंतीला टेकून ओक्साबोक्शी रडल्या.

घरी जाऊन सुनंदाला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पुन्हा केला? कालच तर बोलली ना नलूताईंशी. उगाच खर्च."

पुढे नलूताई एडवणला राहायला गेल्या, आमच्याही घरी फोन बसला. त्या वारल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. त्यांच्या सुनेचा हात हातात घेऊन सुनंदा म्हणाली, "माझी पोर समुद्रात होती तेव्हा या बाईच्या एका शब्दावर मी जेवले."

त्या दिवशी फोन आलाच नव्हता, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तरी ती बोलली ते खरंच होतं.