चिठ्ठी तीच, माहेर दुसरं

जीपच्या सीटखाली काय काय जमतं ते ड्रायव्हरलाच माहीत. एका पायाची चप्पल, फणी, ओटीतली सुपारी. किश्श्यांचंही तसंच. आपण गोळा करत नाही, ते घरंगळत येऊन बसतात आणि गाडी झाडायला घेतली की हाताला लागतात. माझ्या गाडीत तीन वर्षं बाळंतपणावर संशोधन करणारे लोक बसले, म्हणून माझे किस्से हे असे. हसायला फार मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या कळेपासून मूल हातात येईपर्यंत एक शिकलेली सिस्टर बाईच्या उशाशी बसून राहिली, तर फरक पडतो का, हे त्यांना तपासायचं होतं. माझ्या म्हातारीला, म्हणजे बायकोला, विचारलं असतं तर तिनं एका कप चहात सांगितलं असतं. पण तसं चालत नाही म्हणे!

*

ऑफिस बोरगाव मेघेत, भाड्याच्या घरात. गावं बारा. सहा गावांना सिस्टर मिळणार, सहा गावांना नुसता फॉर्म. म्हणजे तिथं आशाताई, सरकारी दवाखाना, जे आहे ते आहेच, आम्ही फक्त विचारायला जायचं. कोणतं गाव कशात, ते चिठ्ठ्यांवर ठरणार होतं. चिठ्ठ्या इंग्रजीत.

आमच्या मोठ्या डॉक्टर मॅडम दुसऱ्या राज्यातल्या, मराठी शिकून घेतलेल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही काढा. तुम्हाला इंग्रजी येत नाही, म्हणजे पक्षपात नाही."

चौथी नापास माणूस मी. आयुष्यात पहिल्यांदा अडाणीपण कामाला आलं! स्टीलच्या डब्यात हात घातला आणि सहा चिठ्ठ्या काढल्या. त्या सिस्टरच्या. मॅडमनी नावं वाचली. माझ्या नातीचं, वैशूचं सासर पुलगावकडचं, ते आलं. माझं स्वतःचं गाव डब्यातच राहिलं.

"वा काका, एकदम निष्पक्ष!" मॅडम म्हणाल्या.

वैशू म्हणजे माझ्या शोभाची पोरगी. तिच्याच वेळी शोभा गेली. एका दवाखान्यात, बंद दाराआड, एकटी. आम्ही बाहेर बाकावर बसून. लेक कधी गेली तेसुद्धा आम्हाला मागाहून कळलं. वैशूला मी आणि म्हातारीनं वाढवलं. लग्नानंतर तिला दिवस गेले तेव्हा लोकांनी तोंडात पेढा कोंबला, मला तो गोड लागला नाही.

*

फॉर्मवर एक प्रश्न होता : बाळंतपणाच्या वेळी तुमच्यासोबत कोण होतं?

एक बाई बराच वेळ विचार करून म्हणाली, "पंखा."

सर्वेवाली पोरगी म्हणाली, "ताई, माणूस सांगा."

"माणूस कोणी नोयतं. वर पंखा होता. तोयी बंद."

*

दुसरा प्रश्न : मिळालेल्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, एक ते पाच? सोबत हसरे-रडके चेहरे छापलेलं कार्ड. एका बाईनं ते सुलटं-उलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"जिती हाय नं मी? मंग लिव पाच!"

ऑफिसात त्या गावाचं समाधान फार चांगलं निघालं.

*

सिस्टरांत प्रमिला सिस्टर सगळ्यांत जुन्या. एका बाईजवळ त्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसल्या. तिला चालवलं, पाठ चोळली, पाणी पाजलं, शिव्या ऐकल्या. सासू दारातून पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"सुई नाई, सलाईन नाई. तुमी तं काहीच नाई करून राह्यल्या! पगार कायचा भेटते तुमाले?"

"बसाचा," प्रमिला सिस्टर म्हणाल्या.

*

फॉर्मच्या गावात एक बाळंतीण गेली. अशा घरीही जावं लागायचं, त्याचा फॉर्म वेगळा, जाड. मी कधी आत जायचो नाही. गाडी कडुनिंबाखाली लावून बसायचो.

त्या दिवशी तिचा सासरा फॉर्म अर्धा सोडून बाहेर आला. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"हे गाडी आमच्या गावात नेहमी येते काय?"

"दर मंगळवारी," मी म्हणालो.

"ते बुधवारी गेली," तो म्हणाला आणि परत आत फॉर्म भरायला गेला.

*

सिस्टरच्या गावांत एक भलतीच भानगड झाली. पहिलटकरणींची नावं नोंदवलेली आणि आठव्या महिन्यात बाया गायब! फॉर्मवर दोनच रकाने : 'आहे' आणि 'नाही'. पोरी बिचाऱ्या 'नाही'वर खूण करून यायच्या. शेवटी दिल्लीहून एक साहेब आले. भिंतीवर कॉम्प्युटरचे लाल ठिपके दिसायला लागले, एक ठिपका म्हणजे एक गायब बाई. कोणी म्हणे मजुरीला गेल्या, कोणी म्हणे सिस्टरला घाबरल्या. दोन तास हेच. मी चहा घेऊन गेलो तेव्हा मॅडम थकून म्हणाल्या, "काका, या बाया जातात तरी कुठे?"

"मायेरी."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं.

"पहिलं बाळंतपण मायेरीच करते नं बाप्पा! सातवा-आठवा लागला का बाप घेऊन जाते."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"फॉर्मात रकाना कुठं होता?"

साहेबांनी कप खाली ठेवला. मी हसत हसत बाहेर आलो. जीपजवळ पोचलो आणि हसू गेलं. वैशूला सातवा लागला होता. तिला माहेरी आणायचं म्हणजे त्या चिठ्ठीच्या गावातून काढून डब्यात राहिलेल्या गावात आणायचं. आणि माहेर म्हणजे मीच!

*

विहीणबाईंना म्हटलं, पोरगी इथंच राहू द्या, सिस्टर आहे. त्या म्हणाल्या, "इथं ठेवली तं लोकं म्हणतीन, मायेरच्याईनं टाकून देली."

म्हातारी म्हणाली, "माय मेली, अन् आता आज्यानंयी सोडली असं म्हणतीन. मी नाई ऐकून घेणार."

प्रमिला सिस्टरला शोभाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, आमच्या गावी याल का? त्यांनी मान खाली घातली. "चिठ्ठी नाई नं काका तुमच्या गावाची."

चिठ्ठी कोणी काढली होती?

वैशूच्या सासरच्या गावात उपकेंद्राच्या मागं एक खोली रिकामी होती. ती भाड्यानं घेतली. चूल मांडली, खाट टाकली, म्हातारीचे डबे आणले, दाराला तोरण लावलं आणि माझ्या घराला कुलूप घातलं. मग रीतसर विहिणीच्या दारात जाऊन म्हटलं, "पोरीले मायेरी न्याले आलो."

विहिणीच्या घरापासून खोली चाळीस पावलं. म्हातारी म्हणाली, "इतल्या जवळ कोणाचं मायेर रायते काय?" म्हणून वैशूला जीपमध्ये बसवून गावाला एक चक्कर मारली आणि मग उतरवली. विहीणबाई निरोप देताना खऱ्याखुऱ्या रडल्या!

मॅडमला कळलं. त्या चिडल्या. "काका, तुम्ही चिठ्ठी बदललीत!"

"चिठ्ठी तेच हाय मॅडम. मायेर बदललं."

*

कळा सुरू झाल्या तशा प्रमिला सिस्टर येऊन बसल्या. म्हातारी आत, वैशूचा हात धरून. दार लोटलेलं, पण कडी नव्हती. मला सगळं ऐकू येत होतं. मुलगी झाली. रडली. मी उठलो, तेवढ्यात आतला आवाज बदलला.

"आजी, बाजूले व्हा. काका, गाडी चालू करून ठेवा!"

रक्त थांबत नव्हतं. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. एक सुई दिली, एका हातानं पोट चोळत राहिल्या, दुसरी सुई दिली. मी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग धरून बसलो. किती वेळ, ते मला विचारू नका. मग सिस्टर दारात आल्या. कोपरापर्यंत लाल.

"बंद करा गाडी. थांबलं."

मी किल्ली फिरवली. त्या पायरीवर टेकल्या. म्हणाल्या, "काका, शोभाताईले हेच झालं असन."

शोभाजवळ कोण होतं, ते आम्हाला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

*

सव्वा महिन्यानं वैशू सासरी गेली, म्हणजे चाळीस पावलं. आम्ही खोलीचं तोरण उतरवलं आणि गावी आलो. कुलूप काढलं. मी बर्फी वाटायला निघालो.

पहिलं घर शेजारच्या शेवंताचं. तिची कविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा चालू, भिंतीला टेकून बसलेली. शेवंतानं बर्फी घेतली. तोंडात नाही टाकली, पोरीच्या हातावर ठेवली. मग पदराला हात पुसत मला म्हणाली,

"काका, तुमचं ते मायेर आता रिकामं झालं असन नं?"