आमचे फायरवॉलवाले

"कुठं जायचंय?" एखादी वेबसाइट उघडून द्या म्हटलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून एसटीच्या कंडक्टरसारखं हेच विचारत. आपण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "कशाला?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. आमची नाशिकची द्राक्षं परदेशी पाठवणारी कंपनी, मी तिथे कागदपत्रं बघते. कॉम्प्युटरवर काय उघडायचं आणि काय नाही, हे सगळं या गृहस्थांच्या हातात. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एकदा त्यांनी समजावलंही. "मॅडम, तुम्ही इंटरनेटवर जातच नाही. तुमच्या वतीनं प्रॉक्सी जातो आणि पान घेऊन येतो. दारावर फायरवॉल बसलाय. तो प्रॉक्सीला ओळखतो, तुम्हाला नाही."

"मग जहाज कंपनीच्या साइटवर रोज जाते ती कोण?"

"तेच तर सांगतोय!"

मी मान डोलावली आणि आणखी गोंधळून जागेवर आले.

घोटीला त्यांची आई एकटी राहायची. तिला विसर पडायला लागला होता. गॅस पेटवायची आणि शेजारी जाऊन बसायची. घरून काम करू द्या, म्हणून ते मालकांच्या मागे लागले. बाहेरून ऑफिसातलं सॉफ्टवेअर चालवायची सोय त्यांनी स्वतःच केली. मालक म्हणाले, "आठवडाभर बघू. जमलं तर राहा आईजवळ." इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवस बरे गेले. मग एका दुपारी सगळ्या ऑफिसचं इंटरनेट ठप्प झालं, आणि माझा फोन वाजला.

"मॅडम, मी बाहेर राहिलो."

"म्हणजे? घरात नाही का तुम्ही?"

"घरातच आहे हो! ऑफिसच्या बाहेर."

झालं होतं असं, की घरी बसून तपासताना त्यांना एक नियम सैल वाटला. सवयीनं त्यांनी बाहेरून येणारी वाट बंद करून टाकली, त्यात प्रॉक्सीही अडकला. आपण स्वतःच आता बाहेर बसलोय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मग फोनवरून ते सांगायला लागले, हे दाबा, ते काढा. मला समोर नुसती लाल-हिरवी चिन्हं दिसत होती. मागून आईचा आवाज, "कोन हाय रं? जेवाया बोलव."

शेवटी ते गाडी करून आले, आईला घेऊनच. ते मशीनपुढे बसले आणि आई माझ्या शेजारी. "तुजं लगीन झालं का गं?" तिनं विचारलं. झालं म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

मालक येताना दिसले तशी मी हळूच म्हटलं, "इंटरनेटचीच लाइन गेली होती म्हणा." कुणाला कळणार होतं?

"नाही साहेब," ते म्हणाले, "मीच बंद केलं."

मालकांनी एकदा आईकडे बघितलं. मग म्हणाले, "बाहेरून नको मग. इथंच येत जा."

आईला घोटीत एकटं ठेवता येईना, म्हणून आमच्या फायरवॉलवाल्यांनी नोकरीच सोडली. इतका खरेपणा कशाला, हे मला आजही उमगत नाही. रागच येतो त्यांचा.

शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या माणसाला सगळं समजावलं, मग बाहेरून आत येऊ द्यायच्या माणसांच्या यादीतून स्वतःचं नाव काढलं. खात्री करायला मोबाइलवरून आत शिरून बघितलं. पडद्यावर नकार आला. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"बघा मॅडम, घेत नाही मला."

मला हसावं की रडावं कळेना. मी "छान" म्हटलं.