लायलॅकच्या वासाचा कोट

मार्लिस डॅलबर्गला भित्री म्हटलं तर गावात कुणी वाद घालत नसे, ती स्वतःसुद्धा नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला, तरी मोठ्या भट्टीचं दार उघडताना ती अजून आधी मान मागे घेई. शेगडी बंद केली की नाही, या धास्तीने अर्ध्या रस्त्यातून परत येई. मोंटानाच्या त्या खोऱ्यात लोक अस्वलांबद्दल शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल बोलावं तसं बोलत, त्यामुळे मार्लिसची चेष्टा ठरलेली. चेष्टेचं तिला काही वाटत नसे. तिला खरी काळजी होती ती मुलीची.

कॅरिन शहरातली नोकरी सोडून वसंतात घरी आली आणि वडिलांची बंदूक काढून तेल लावत बसली. उन्हाळाभर अंगणात गळाची लांब लवचिक काठी मागेपुढे झुलवत राहिली. दोरीच्या टोकाची पिसांची खोटी माशी नेमकी बादलीत पडेपर्यंत जेवायला येत नसे. हरणांचा हंगाम जवळ आला तसा तिने बेत जाहीर केला. सकाळी वरच्या ओढ्यात ट्राउट मासे, दुपारनंतर हरीण, मुक्काम तंबूत. सोबतीला ओडेल काका, म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ.

मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला जाऊ लागला. वारा कुठून येईल, तंबू कुठे टाकायचा, मांस कुठल्या झाडाला टांगायचं, यावर दोघांची खलबतं चालत. मार्लिस शेजारीच गळ बांधत बसे. हरणाचा केस आतून पोकळ, पाण्यावर तरंगतो; गळाच्या आकड्यावर त्याची माशी बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हात चालत, कान टेबलाकडे असत, आणि 'अस्वल' शब्द आला की दोरा तुटे.

वडिलांची, म्हणजे व्हर्नची, अस्वलाची गोष्ट कॅरिन लहानपणापासून ऐकत आली होती. व्हर्नने हरीण पाडलं, तो ते सोलत होता, आणि बंदुकीच्या आवाजावर अस्वल आलं. खोऱ्यात म्हणतातच, बंदूक वाजली की अस्वलाच्या जेवणाची घंटा वाजली. थोडं खरचटलं, एवढंच, असं सांगून व्हर्न हसायचा. गुत्त्यात सांगताना अस्वल मोठं व्हायचं, चर्चमध्ये जरा लहान. पुढे कितीतरी वर्षांनी तो आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या हृदयविकाराने गेला, आणि गोष्ट तेवढी हसरी राहिली.

अस्वल आलं त्या दिवशीचा त्याचा शर्ट मार्लिसने धुतला होता, हे कॅरिनला माहीत नव्हतं.

शिकारीचे कपडे धुण्याची तिथे एक रीत आहे. साबणाला वास नको. खाण्याच्या सोड्यात धुवायचे, देवदाराच्या फांदीवर वाळवायचे आणि त्याच झाडाची पानं घालून गोणीत बांधून ठेवायचे, म्हणजे हरणाला माणसाचा वास येत नाही. कॅरिनने कपडे आईच्या हवाली केले. मार्लिसने धुण्याच्या यंत्रात लायलॅकच्या फुलांच्या गोड वासाची पावडर घातली, दुप्पट घातली. तिचा हिशेब सरळ होता. वासाने हरीण जवळ येणार नाही. हरीण नाही तर गोळी नाही, गोळी नाही तर अस्वल नाही. वर देवदाराची पानं पसरून तिने गोणीचं तोंड आवळलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

निघायच्या आदल्या दुपारी ओडेल शिध्याची पेटी घेऊन आला. जेवणाबरोबर टूथपेस्ट आणि साबणही झाडावर टांगायचा, म्हणाला. कॅरिनने विचारलं, दात घासायचे की नाही?

"घास की. पण पेस्ट उशाशी ठेवलीस तर अस्वल तुझे दात मोजायला येईल. गोड वास म्हणजे त्याला आमंत्रणच."

मार्लिसच्या बोटात आकडा रुतला. थंडीत कॅरिन गोणीतला कोट अंगात घालूनच झोपणार होती.

"ती गोणी नेऊ नकोस," मार्लिस म्हणाली.

कॅरिनने गोणी उघडली. खोलीभर लायलॅक पसरला.

ओडेलने नाक चोळलं. "हरणाला वाचवायला निघालीस मार्लिस, आणि अस्वलाला पोरगी वाढलीस."

कॅरिन हसली नाही. "मला नुसतं नको जाऊ म्हणायचंस."

"ऐकलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच."

मग मार्लिसने शर्टाचं सांगितलं. बाही एका शिवणीवर लोंबत होती. मोरीतलं पाणी कितीदा बदललं तरी लालच येत होतं. व्हर्नला महिनाभर चमचा धरवत नव्हता, ती भरवायची, आणि तो म्हणायचा, पोरीला सांगू नकोस, ती डोंगराला घाबरेल. ओडेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. व्हर्नला डोंगरावरून खाली आणणारा तोच होता. तोही बोलला नव्हता.

"मग नको जाऊ म्हणतेस?" कॅरिनने विचारलं. या खेपेला ती खरंच विचारत होती.

मार्लिसला ते दिसलं. एक शब्द, आणि पोरगी थांबली असती. या वर्षी. पुढच्या वर्षी ती न सांगता गेली असती, तिच्या बापासारखी एकटी.

"व्हर्न खाली मान घालून हरीण सोलत होता," ती म्हणाली. "त्याच्या पाठीमागे बघायला कुणी नव्हतं. तुम्ही दोघं. एक हरीण धरणार, एक सोलणार. बघणार कोण?"

ओडेलने बोटांवर मोजलं. दोघंच.

"तिसरं माणूस लागेल," मार्लिस म्हणाली.

ओडेल काहीतरी चेष्टेचं बोलणार होता, पण त्याने ते गिळलं. "अख्ख्या खोऱ्यात पान हललं तर आधी तुलाच दिसतं," एवढंच म्हणाला.

निघणं एक दिवस पुढे गेलं. मायलेकींनी कपडे सोड्यात पुन्हा पुन्हा धुतले, कोटाला नाक लावलं, पुन्हा धुतले. कॅरिनने ते परसातल्या देवदारावर पसरले. मार्लिसने पेटीतून स्वतःची जुनी लोकरी बंडी काढली, तीही बुडवली, पिळली आणि शेजारच्या फांदीवर टाकली. चिमटे लावता लावता ती शेगडी बंद आहे का ते दोनदा बघून आली, शेवटी कॅरिनने उरलेले चिमटे तिच्या हातातून घेतले.